वॉर्डातली संमती

अहो, पत्रकारिता सोडून मी एका हॉस्पिटलच्या नीतिसमितीवर गेलो, तेव्हाची गोष्ट. तिथे एका नव्या औषधाची चाचणी रुग्णांवर करायची होती. अध्यक्ष म्हणाले, "सगळ्यांनी संमती दिलीय. आपण फक्त मंजुरी द्यायची."

"मी आधी रुग्णांशी बोलतो."

"आपण आता पत्रकार नाही आहात!"

"नोकरी सोडलीय, प्रश्न विचारणं नाही," म्हणालो आणि थेट वॉर्डात गेलो. अध्यक्ष तणतणत मागे आले.

धायरीच्या एका आजींना मी विचारलं, "या औषधाची तुमच्यावर चाचणी होणार, हे ठाऊक आहे ना?"

"न्हाई बा! डॉक्टर म्हनले, म्हनून मी व्हय म्हनलं. न्हाई म्हनता येतं व्हय?"

"येतं की!"

आजींनी अध्यक्षांकडे रोखून पाहिलं. "मग न्हाई!"

शेजारच्या खाटेवरून लगेच आवाज आला, "माझंबी न्हाई!"