जीपच्या मापाची वाटी

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात वायपर घ्यायला आलेली नर्स आपली पाळी येईपर्यंत ऐकत राहिली. तिच्या पुढे एक म्हातारबुवा आणि त्यांची लेक होती. लेकीने पिशवीतून लोखंडाचे दोन तेलकट तुकडे काढून दुकानदारापुढे ठेवले.

“गाडीला ट्रॉली जोडायचा हा गोळा बदलून द्या. झिजलाय. काल उतारावर मागची ट्रॉली सुटली.”

“मधमाश्यांच्या पेट्या होत्या हो वर. जोडीला साखळी बांधलेली होती म्हणून वाचलो,” म्हातारबुवा म्हणाले.

“गोळा तर नवाकोरा आहे, काका. त्यावर बसणारी ट्रॉलीची ही वाटीच मोठी पडतेय. आणि आत रबर कुणी कोंबलं?”

“मी. सैल बसत होती.”

“बाबा, मला बोलला नाहीत.”

“चालत होतं की.”

“वाटी कुठल्या गाडीच्या मापाची?”

“जीपच्या. आमच्या जीपला अशी चपखल बसते म्हणून सांगू.”

“मग जीपनेच ओढा.”

“ती दारात धूळ खातेय. डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला मनाई केलीय. मला जीप जमत नाही, म्हणून आता आम्ही माझ्या छोट्या गाडीने ओढतो.”

“मग लहान वाटी लागेल. पण ती जीपला बसायची नाही, आधीच सांगतो.”

“राहू द्या, बाबा. घरी जाऊन बोलू.”

“घरी काय बोलायचंय? हिच्या गाडीच्या मापाची द्या.”

“बरं. ही जुनी पिशवीत घालू?”

“नको, इथेच ठेवा. घरी असली तर मी पुन्हा ती बसवून जीप काढेन.”