उगवणकाकांच्या चार खुर्च्या

...आणि वर म्हणे फॉर्म भरा! अहो, तुम्हाला सांगतो, माणसाला बक्षीस द्यायचंय ना? मग द्या की! हातात ठेवा, टाळ्या वाजवा, मोकळे व्हा... फॉर्म कशाला? आणि फॉर्म तरी कसला, तर 'सोबत येणाऱ्या कुटुंबीयांची नावं आणि नातं', खाली चार रकाने. चार! आणि तो फॉर्म गेला कुणाकडे, तर उगवणकाकांकडे! अख्ख्या कृषी महाविद्यालयात, प्राचार्यांपासून गोठ्यातल्या वासरापर्यंत, ज्या एका माणसाच्या घरात भांड्याला भांडं लागायची सोय नाही, कारण भांडंच एक, त्याच माणसाकडे नेमका तो फॉर्म!

थांबा, काका कोण ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही नुसत्या माना हलवाल. महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, ट्रॅक्टरच्या शेडच्या पलीकडे, बियाणे तपासायची खोली आहे. तिथे हा माणूस एकोणतीस वर्षं बिया मोजतो. हसू नका! शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, कपाटात उभी ठेवायची. असे चार कागद. पाचव्या दिवशी उलगडून बघायचं, आठव्या दिवशी उलगडून बघायचं... सरळ किती उगवली, वाकडी किती, मेलेली किती. शेकडा किती उगवलं तो आकडा काका लिहिणार आणि तोच आकडा पोत्यावर लागणार. म्हणून ते उगवणकाका. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी. पण पगारपत्रकातल्या नावानं कुणी कुणाला हाक मारतं का?

आणि बक्षीस उगाच नव्हतं हं! सात वर्षांपूर्वी गव्हाच्या बियाण्याचा एक मोठा साठा आला होता. काकांनी मोजलं, शंभरात एकसष्ट. पास व्हायला पंच्याऐंशी लागतात. विभागाचे साहेब आले. "काका, जरा परत मोजा, चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमच्या." परत मोजलं. एकसष्ट. "काका, जरा मोठ्या मनानं मोजा." मोठ्या मनानं मोजलं... एकसष्ट! शेवटी साहेब म्हणाले, "तुम्ही सही करा, आकडा मी टाकतो," तर काकांनी पेन खिशाला लावलं आणि डबा खायला निघून गेले. तो साठा आला तसा परत गेला. किती शेतं ओस पडली असती, हिशेब नाही. पण मला सांगा, जे पीक बुडालंच नाही त्याबद्दल कोण कुणाला धन्यवाद देतं? कुणी दिले नाहीत. साहेबांनी वर्षभर जाता-येता मान फिरवली, तेवढंच.

तर सात वर्षांनी ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि काका झाले उत्कृष्ट कर्मचारी. उत्कृष्ट प्राध्यापक झाले फळबागेचे सर, उत्कृष्ट विद्यार्थिनी झाली मातीतून पिकांना होणाऱ्या रोगांवर काम करणारी एक मुलगी. पत्र आलं तेव्हा काकांनी ते खोलीतल्या खोलीत तीनदा वाचलं, चष्मा पुसला, चौथ्यांदा वाचलं... आणि मग त्यांना वाटलं, कुणाला तरी सांगावं. बाहेर आले. बाहेर ट्रॅक्टर! आता ट्रॅक्टरला काय सांगणार?

म्हणून सलूनवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बक्षीस? कशाबद्दल?"

"बिया मोजल्याबद्दल."

"बिया?" कात्री थांबली हो त्याची! "त्या... मोजतात?" मग म्हणाला, "बरं बरं, छानच की. मग तुमच्याकडून कोण येणार?"

झालं! इथून ते सुरू झालं. तुमच्याकडून कोण? दूधवाला, "अरे वा! तुमच्याकडून कोण?" ग्रंथपाल बाई, "अभिनंदन हं काका, तुमच्याकडून कोण?" अहो, माणूस एकटा राहतो म्हणजे काय फणसासारखा झाडाला लागला होता का? त्यालाही आई होती. पंधरा वर्षं अंथरुणावर होती, काकांनीच केलं सगळं तिचं. त्यात लग्नाचं राहून गेलं, मग वय गेलं, मग आईही गेली. आता हे सगळं सलूनमध्ये, अर्धी दाढी झालेली असताना, कसं सांगायचं?

फॉर्म त्यांनी कोराच पाठवला. दुपारी समारंभाच्या मॅडमचा फोन. या मॅडम म्हणजे अशा बोलतात, जणू कुणीतरी मागे लागलंय. "काका-काका-काका, फॉर्म कोरा आलाय, पाहुणे किती लिहू?"

"शून्य लिहा."

"शून्य घेत नाही ओ कॉम्प्युटर!"

"मग एक लिहा."

"एक लिहिलं की नातं विचारतोय. नातं काय लिहू?"

आता काय सांगावं? काका समोरच्या बिया ओळीत लावायला लागले. तिकडून मॅडम, "काका? आहात का? बरं, मी चार टाकते, बहुतेकांचे चारच आहेत, नातं 'इतर' टाकते, ठेवते हं!" ठेवला फोन! दोन सेकंदांत काकांना चार 'इतर' नातेवाईक झाले आणि त्यांच्या नावानं पहिल्या रांगेत चार खुर्च्या राखून झाल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, राहतील रिकाम्या. पण काका मोजणारा माणूस! चार म्हणजे चार. आता चार माणसं आणायची कुठून?

पहिला फोन बहिणीला. थोरली बहीण, लांबच्या गावी. "ताई, मला बक्षीस मिळतंय."

"खरंच? अरे, आई असायला हवी होती..." रडलीच ती फोनवर. रडून झालं, नाक पुसलं, आणि विचारते काय? "मग तुझ्याकडून कोण आहे रे?"

"तूच ना ताई! म्हणून तर फोन केला."

"मी? अरे, मला जिना उतरवत नाही. सहा महिने झाले, खालचा रस्ता खिडकीतूनच बघते मी."

सहा महिने! काकांना माहीतच नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. ती विचारायची जेवलास का, हे विचारायचे जेवलीस का, दोघंही हो म्हणायचे आणि ठेवायचे. गुडघे कधी आलेच नाहीत बोलण्यात. काका म्हणाले, "राहू दे ताई, काही मोठं नाही, अर्ध्या तासाचं काम आहे."

मग शेजारी. शेजारी निवृत्त ड्रायव्हर, मोठा दिलदार माणूस. "येणार म्हणजे? पुढच्या रांगेत बसून शिट्टी मारतो बघा!" एक खुर्ची भरली. काका त्या रात्री शांत झोपले. आणि समारंभाच्या दिवशी सकाळी दार धडाधड वाजलं. शेजारी! अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात चपला वेगवेगळ्या. "काका, मुलीला दवाखान्यात नेलंय, मला जायला हवं!" काका म्हणाले, "अहो जा, धावा, इथे काय आहे!" आणि दार लावून मनात वजाबाकी केली.

तुम्हाला सांगतो, सभागृह गच्च. पहिल्या रांगेत मधोमध काका, नवा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी, 'उत्कृष्ट कर्मचारी : परिवार'. एकीवर काकांनी रुमाल ठेवला, एकीवर पिशवी, एकीवर चष्म्याचं घर, आणि चौथीवर... ठेवायला काही उरलंच नाही, म्हणून नुसता हात ठेवला! आणि लोक उभे. कारण फळबागेच्या सरांनी फॉर्मला पुरवणी जोडून सांगितले होते अकरा आणि आले होते सतरा! मेहुणे, साडू, मावश्या, कडेवरची पोरं... दर मिनिटाला कुणीतरी वाकून विचारायचं, "इथे कुणी आहे का?"

काका म्हणायचे, "येतायत."

"इथे कुणी आहे?"

"येतायत, येतायत... वाटेत आहेत."

वाटेत! अहो, कोण वाटेत? कुठली वाट? पण एकदा येतायत म्हटलं की माणूस दाराकडे बघतोच. काका बघत होते. खरंच बघत होते हो! पडदा हलला की मान वळायची.

मग समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. फळबागेच्या सरांच्या सासूबाई. हातात काठी, कानांनी कमी. त्यांनी काही विचारलंच नाही, नुसत्या उभ्या राहिल्या, सगळा भार काठीवर. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं... आणि हात उचलला. मग रुमाल उचलला, पिशवी उचलली, चष्म्याचं घर उचललं. आजी बसल्या. पाठोपाठ दोन मावश्या, एक मेहुणा, मांडीवर पोरं. आजी टेकल्या आणि पहिला प्रश्न... काय असेल? बरोबर!

"तुम्ही कुणाकडचे?"

"मी... माझ्याकडचाच."

"अं?"

"माझ्याकडचा!"

"हां हां, जावयाकडचे!" आजी खूश. "बघा ना, इतकी वर्षं झाली लग्नाला, ओळखच नाही झाली. करता काय?"

काका म्हणाले, बिया तपासतो, उगवतात का बघतो. आणि बघा हं, इतक्या लोकांना सांगून झालं होतं, पण आजी पहिल्या ज्यांनी पुढे विचारलं! "मग माझ्या भोपळ्याच्या का नाही उगवत? डबाभर आहेत."

"किती जुन्या आहेत?"

"आमचे हे होते ना, त्यांनी धरलेल्या. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन."

काका एकोणतीस वर्षांचे जाणकार. बारा वर्षांची भोपळ्याची बी म्हणजे शंभरात शून्य, हे त्यांना न मोजता कळतं. आजींनी विचारलं, "मग टाकून देऊ म्हणता?" काकांनी तोंड उघडलं, मिटलं... "नको," म्हणाले. "असू द्या डब्यात." एकसष्टला पंच्याऐंशी न म्हणणारा माणूस, तुम्हाला सांगतो! आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगितला नाही.

तेवढ्यात माईकवर मॅडम. "उत्कृष्ट-कर्मचारी-आपले-सर्वांचे-लाडके-उगवणकाका, त्यांनी परिवारासह मंचावर यावं!"

काका उठले. एकटे निघाले. आणि मागून काठी वाजली... ठक, ठक. आजी! "चला गं पोरींनो, आपलं नाव आलं!" आपल्या बाजूचा माणूस उठला म्हणजे आपलंच नाव, नाही का? मावशी ओरडतेय, "आई, आपलं नाही, खाली बस!" आजींना कुठे ऐकू? त्या चढल्या. पडतील म्हणून मावश्या मागे धावल्या, त्यांच्या मागे मेहुणा, मेहुण्याच्या मागे पोरं, आणि सगळे निघाले म्हटल्यावर मागच्या रांगेतले उरलेलेही उठले! प्रमुख पाहुण्यांनी हातातली ढाल काकांना देईपर्यंत मंचावर सतरा माणसं. आजींनी काकांचा दंड गच्च धरलेला. फोटोवाला म्हणाला, "वा! हलू नका कुणी! हसा!" काका सांगायला लागले, "अहो, ही माझी..." आणि फट्! उजेड पडला. निघाला फोटो.

सगळे खाली उतरेस्तोवर प्रमुख पाहुण्यांची गाडी लागली होती. विद्यार्थिनीचं घाईत उरकलं, आणि फळबागेच्या सरांचं नाव आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "परत? मी नाही बाई चढणार!" बाकीचे चहाकडे पांगलेले. सर एकटे गेले, एकट्यानं ढाल घेतली, एकट्याचाच फोटो निघाला.

काका घरी आले. ढाल टेबलावर ठेवली. मग खिडकीत ठेवली. मग परत टेबलावर. दोनच खोल्या, अजून कुठे ठेवणार? संध्याकाळी शेजाऱ्याचा फोन, नातू झाला! काका म्हणाले, "वजन किती?"

आठ दिवसांनी काचेच्या फलकात फोटो लागले. लावणारा मुलगा नवा, कुणाला ओळखत नाही. त्यानं यादी बघितली, प्राध्यापकांचे पाहुणे सगळ्यांत जास्त. फोटो बघितले, डोकी मोजली, आणि चिकटवल्या पट्ट्या! सरांच्या एकट्याच्या फोटोखाली, 'उत्कृष्ट कर्मचारी'. आणि काकांच्या खाली, 'उत्कृष्ट प्राध्यापक, आपल्या परिवारासह'!

सगळं महाविद्यालय हसलं. सर मात्र भला माणूस, स्वतः काकांना घेऊन फलकापाशी आले. मागून मॅडम धावत, फलकाची किल्ली आणि एक पाकीट घेऊन. "काका-काका, माफ करा, घोळ झालाय, आत्ता दोन मिनिटांत बदलते! हा फोटोच काढून टाकू, हे बघा, तुम्ही पायऱ्या चढतानाचा एक आहे, एकट्याचा, किती छान आलाय!"

काकांनी तो फोटो हातात घेतला. काचेतल्या फोटोकडे बघितलं. आजींची पकड, मावश्यांचे विस्फारलेले डोळे, एक पोरगं काकांच्या नव्या शर्टाला लोंबकळलेलं...

"राहू दे मॅडम," काका म्हणाले.

"अहो, पण ती तुमची माणसं नाहीत!"

"राहू दे हो. एकट्याचा आहे माझ्याकडे." आणि गळ्यातलं ओळखपत्र वर करून दाखवलं. "हा काय... एकोणतीस वर्षं तोच घालून फिरतोय!"