डेक्लनची निरांजनं

सांगते ना, मला आधी खटकलं ते एवढंच, की देवापुढे पाच दिवे होते. माझ्याकडे तर एकच निरांजन आहे!

"आई, हे कुठून आणलेस?"

"मागच्या शेडमधून. ट्रेमध्ये पडले होते, अस्सल पितळ! चिंचेनं घासले. वात बसावी म्हणून तोंडं बघ कशी जराशी फाकवलीत. फक्त बुडाला भोक होतं, तिथे कणीक लावली."

मी वाकून बघितलं आणि ओळखलं. आमचा इथला, आयर्लंडमधल्या नास गावचा घरमालक डेक्लन पिस्तुलाच्या क्लबात जातो, परवाना काढून आमच्या मागच्या शेडमध्येच काडतुसं पुन्हा भरतो. गोळी सरळ बसावी म्हणून काडतुसाच्या प्रत्येक पितळी पुंगळीचं तोंड आधी हलक्या हातानं रुंद करतो. आणि त्याच पुंगळ्या आता देवापुढे पेटल्या होत्या!

"विझव आधी! स्फोट होईल!"

"देवापुढचा दिवा विझवायचा नसतो. आणि स्फोट कसला? आरपार दिसत होतं त्यातून."

मी तिला ओढत अंगणात नेलं आणि डेक्लनला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी एकदाचा आवाज आला.

"डेक्लन, आईनं तुझ्या पुंगळ्यांचे दिवे लावलेत! उडतील का?"

 तो खो खो हसत सुटला. "रिकाम्या आहेत गं त्या. यू आर ग्रँड, काही होत नाही!"

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर आईनं फोन हिसकावला.

"डेक्लन, व्हेरी नाइस दिवा! दिवाळीला मोअर?"