विचुंब्याची बदनाम गाडी

माजं माहेर करंज्याच्या अलीकडं, मिठागरावरचं. बाप मीठ ओढायचा, आई पाट्या वाहायची, नि मी न्हातीधुती होईस्तवर मिठात पाय भेगाळलेली पोरगी, मना काय ठाव गाडी मंजे काय. लगीन करून विचुंब्याला आली तेवा इकडं सगळी भाताची खाचरं, आता बघता ना तुमी, सगळ्या इमारती. आमची पन जमीन नव्या शहरात गेली, पैसे मिळाले. जमीन गेली नि गाडी आली, आमच्याकडं असंच झालं घरोघरी.

आमचे मालक, हरिश्चंद्र त्यांचं नाव, मानूस उंच, दारातून वाकून आत यायचे. कोनी बंगला बांधला, कोनी सोनं केलं, यांनी आनली जर्मनीची गाडी. नवी नाय, मुंबईच्या एका शेटनं वापरलेली, पन लांब केवढी, आमच्या अंगनात तिचं नाक आत तर शेपटी रस्त्यावर. नि काय सांगू तुमाला, गाव जमला बघाया, नि हसाया लागला. तिची डिकी अशी, का मागं दुसऱ्याच गाडीचं झाकन आनून वर ठेवलंय, कोळनीच्या डोक्यावर पाटी असते तसं. पुढचे दिवे मंजे डोळे, नि त्या डोळ्यांवर भुवया. माजा सासरा काठी टेकत सगळीकडून फिरला नि बोलला, अरे हरिश्चंद्रा, ही रात्रभर जागलेली दिसते रे. आतमधी अजून गंमत, गिअर खाली नायच, स्टेरिंगच्या बाजूला बारीक दांडी, नि मधोमध एक गोल मूठ, ती फिरवायची नि दाबायची, सगळं तिच्यात. हे गानी लावाया जायचे नि थंड हवा सुटायची. वैतागायचे, पन विकीन बोलले नाय कदी.

पनवेलला युसूफभाई हायेत, गॅरेजवाले, त्यांनी मग तिची हकीकत सांगितली. बोलले, भाभी, ही गाडी निघाली तेवा तिकडं परदेशात पन लोक असेच भडकले. जुनी गाडी सरळ, देखनी, तिच्या जागी हे काय काढलं म्हनून ज्यानं तिचं चित्र काढलं त्या साहेबाला कामावरून काढा, असा अर्ज फिरवला, लोकांनी सह्या केल्या. मी बोलली, मग काढला काय? नाय बोलले, साहेब राहिला, नि पुढं दुसऱ्या कंपन्यांनी पन डिक्या तशाच उंच केल्या. ही गाडी बदनाम हाय भाभी, बेईमान नाय. मी हसली. तेवा मना त्यात काय नवतं, मी आपली मागं बसनारी.

मग मालकांना साखरेनं धरलं. आदी नजर गेली, मग किडन्या. डॉक्टर बोलले आठवड्यातून तीनदा रक्त धुवावं लागंल, खारघरला. ड्रायव्हर ठेवला तो महिन्यात गेला, दुसरा ठेवला तो सांगून पन गेला नाय. पोरगी दिली उरनला, तिला तिचा संसार. रिक्षातनं नेलं एकदा, येताना प्रत्येक खड्ड्याला हे कळवळायचे, पाय दुमडून बसलेले, नि मी त्यांचं डोकं धरून. त्या दिवशी घरी आली नि बोलली, गाडी मी शिकनार.

माजा दीर बाळाराम, वाईट नाय तो, पन बोलला, वहिनी, या वयात? नि शिकायची तर बारकी शीक, ही विकू. गावात हसं होईल. मी बोलली, भावजी, गाव माज्या नवऱ्याला खारघरला नेतो काय?

ड्रायव्हिंग स्कूलची बारकी गाडी शिकली, परीक्षेत रिव्हर्सला नापास झाली, परत गेली, पास झाली. मग युसूफभाई शेजारी बसले नि ही मोठी शिकवली, नव्या सेक्टरचे रस्ते होते ना, रस्ता हाय नि घरं नाय, तिथं. पयल्या दिवशी मी ब्रेकवरनं पायच काढीना. युसूफभाई बोलले, भाभी, तिला घाबरू नका, तिला पन सगळ्यांनी नावंच ठेवलीत.

दवाखान्याच्या दारात वॉचमन बोलला, मावशी, ड्रायव्हरला सांगा गाडी पुढं घ्या. मी बोलली, ड्रायव्हर मीच हाय, तू खुर्ची धर. मालकांची चाकाची खुर्ची दुमडून त्या डिकीत अशी बसायची, वर जेवनाचा डबा, चादर, उशी, सगळं. छप्पर उंच, त्यांना फार वाकावं लागायचं नाय, नि गाडी लांब, पाय पसरून बसायचे. ज्याला ज्याला लोक हसले ते ते मना कामाला आलं बघा.

मालक आदी बोलायचेच नाय गाडीत. बायको पुढं नि आपन मागं, मानसाला लागतं ते. एकदा हायवेला गाडी बंद पडली, पुढचा टीव्हीसारखा पडदा काळा, गिअर हलंना, मागनं ट्रक भोंगे मारतायत. हे मागनं बोलले, सुगंधा, विकून टाक हिला. मी बोलली, विकीन, पन आज घरी नेऊन. युसूफभाईंना फोन लावला, ते बोलले बंद करा, कुलूप लावा, थोडं थांबा, परत उघडा. तसं केलं नि झाली चालू. पुलाच्या अलीकडं मी आरशात बघितलं तर मान टेकून झोपलेले. माज्या गाडीत झोपले. काय सांगू तुमाला, लायसन मिळालं तेवा पन एवढं वाटलं नाय.

मागच्या वर्साला गेले ते. बाराव्यानंतर भावजी गिऱ्हाईक घेऊन आले. मी चहा पाजला, गाडी दिली नाय. शेजारची कुसुम, तिचा पोरगा बोटीवर कामाला, तिला पन आता रक्त धुवाया त्याच खारघरला जावं लागतं, कोन नेनार तिला? मीच नेते. गाडी म्हातारी झाली, मी पन झाली, जितकं जमंल तितकं करू. तुमी आलात, बसलात, ऐकलंत, बरं वाटलं. देव करो नि तुमी माज्या गाडीत कदी बसलात, तर लग्नालाच बसा.