एकमताची तुलना

...आणि वर तोंड करून मीच म्हणाले हो, "दोन्ही मॉडेल्सचं एकमत आहे!" तुम्हाला सांगते, एवढी लाज मला बाळंतपणाच्या खोलीतसुद्धा वाटली नव्हती!

मॉडेल म्हणजे काय, तर अख्खा देश संगणकात बसवायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, परदेशी बुटांवरचा कर उठवला तर कोणाचं काय होईल? आमच्याकडे असे दोन देश. एकात नोकरी गेलेल्याला लगेच दुसरी मिळते, असं आधीच धरलेलं. दुसऱ्यात गेली की गेली. माझं काम एवढंच, दोन्ही चालवून तुलना करायची. दुसरा देश म्हणजे पहिल्याचीच नक्कल, त्यातली नोकरीची ती एक ओळ बदलणार, तेवढ्यात पाळणाघरातल्या ताईंचा फोन, "अहो, तिसऱ्यांदा शी झालीय, कपडे संपले!" मी पळाले. ओळ तशीच! म्हणजे एका देशाची त्याच्याशीच तुलना केली, आणि फरक नाही म्हणून खूश! लाज, दुसरं काय!

बरं, गप्प बसावं ना? छे! भर बैठकीत ठणकावून सांगतेय, "एकाचीही नोकरी जाणार नाही!" साहेब मान डोलावतायत, सचिव मॅडमचं पेन कर उठवायच्या कागदावर टेकलंय... आणि मागून बूट कारखान्यातल्या कामगारांचे पुढारी उठले. वडिलांच्या वयाचे. शांतपणे म्हणाले, "पोरी, आमच्या चारशे जणांना कुठे कामाला लावलंस? पत्ता दे. उद्याच जातो."

पत्ता! फाइल उघडली, तीही मोठ्या पडद्यावर. ओळीत लिहिलेलं, बेरोजगारी शून्य, गृहीत. ते उत्तर नव्हतंच हो! मीच आत घातलेलं, मीच बाहेर काढून मिरवलेलं! साहेब पुटपुटले, "झाका ते, नंतर बघू." खोटं कशाला सांगू, झाकावंसं वाटलं. पण काका उभेच. म्हटलं, "मॅडम, चुकलं माझं. सही करू नका." तिथेच ओळ बदलून पुन्हा चालवलं. कारखान्यातले चारशे, आणि त्यांच्या मागे चामडं कमावणारे, तळ कापणारे मिळून... एकोणीसशे! लाज, दुसरं काय! साहेब म्हणाले, "उद्या सकाळी नवा अहवाल. तुम्ही स्वतः आणायचा."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. "बोललीस ते बरं केलंस," म्हणाल्या, आणि लगेच नवऱ्याकडे वळून, "उद्या पाळणाघर बंद आहे ना रे? काळजी नको, ही आहे घरी."

"हे कोणी ठरवलं?" मी ओरडले.

नवरा निरागसपणे म्हणाला, "ठरवायचं काय त्यात? आम्ही धरूनच चाललो होतो."

आता कुठल्या तोंडाने भांडू? पद्धत माझीच!