सासूबाईंचा गुडघा

हसू नका, पण मी फिजिओथेरपी करते ओटीपोटाखालच्या स्नायूंची आणि बुलढाण्यात माझ्याकडे निम्म्या बाया येतात त्या गुडघा दुखतो म्हणून! शिंकताना लघवी सुटते हे सांगणार कसं? बाहेर बाकावर गावातलं कोणीतरी बसलेलं असतंच.

परवा डोणगावची एक सून आली, सोबत सासू. आल्या आल्या सासूच बोलली, "हिचा गुडघा दुखते म्हने. आमच्या टायमाले नव्हते बाई असे चोचले."

सुनेला पडद्यामागे नेलं, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "मॅडम, खोकलं तरी साडी ओली होते. लग्नाकार्यात जानंच सोडलं म्या."

मी तिला झोपवून व्यायाम सांगितला, "लघवी अडवल्यासारखं आतून आवळ आणि मी दहा म्हणेपर्यंत धर."

पडद्याबाहेर सासूबाईंची टकळी चालूच होती. मी मोजायला लागले आणि तीनलाच ती टकळी बंद पडली. दहा म्हटलं, तर सुस्कारे दोन ऐकू आले.

मी पडदा सारला. "मावशी, तुमचाही गुडघा?"

"मंग काय!" सुनेकडे बघत त्या म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याच्या बाळंतपनापासून दुखून राह्यला."