बंद केंद्राची ड्युटी

'हॅलो?… कोण, संयुक्ता?… हो, हो, मीच. अगं, गोदाअक्काच बोलतेय!… धडधाकट आहे मी. रडतेस कशाला?'

चेन्नईतल्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये गोदा खुर्चीत सावरून बसली. नाकात ऑक्सिजनची नळी होती, शेजारी मशीन घुरघुरत होतं. धाकटी बहीण तंजावरहून भर दुपारी फोन करून रडतेय कशाला, ते तिला कळेना.

'कोणी सांगितलं मी सीरियस आहे?… ह्यांनी? ह्यांनी तुला फोन केला?… थांब, थांब. "थोडे दिवस अक्कापाशी येऊन राहा," असंच ना म्हणाले? मग सीरियस कुठून काढलंस?'

'नाहीत गं घरी. तेच तर… अगं ऐक ना! सकाळी उठले, खाकी शर्ट चढवला, डब्यात दहीभात मागितला नि म्हणाले, ड्युटी आहे. कसली ड्युटी? रिटायर होऊन किती वर्षं झाली! नि ते पॉवर स्टेशन तर पोंगलच्या आधीच बंद झालं. टीव्हीवर दाखवलं की… हो, तेच जुनं, कोळशाचं… दिला भरून डबा. काय करणार? वाटलं, डोकं फिरलं माणसाचं.'

शहराच्या उत्तरेला, त्या वीज केंद्राच्या क्वार्टर्समध्येच गोदाचा सगळा संसार झाला होता. वाळत घातलेल्या साड्या राख झटकूनच घडी करायच्या, हे तिच्या हातांना सवयीचं होतं. पुढे छाती बिघडली, घरात हे मशीन आलं. त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, सेतुमाधवांनी, देवासमोर शपथ घेतली: पुन्हा त्या फाटकात पाऊल टाकणार नाही.

'काय? परत पेटवलं?… उन्हाळ्यापुरतं? एसी वाढले, करंट पुरत नाही म्हणून?… बरं. पण बंद म्हणजे बंद ना? बंद केलेलं चालू कसं होतं?… नि ह्यांना बोलावलं? जुनी माणसं हवीत म्हणून?… तुला सांगितलं, मला नाही! मग शपथेचं काय?'

आवाज चढला तशी तिला धाप लागली.

'काही नाही, राग आलाय नुसता… काय म्हणाले? परत सांग… माझ्या मशीनसाठी?'

तेवढ्यात पंखा थांबला. मशीनने बारीक शिट्टी मारली आणि तेही गप्प झालं.

'अय्यो! करंट गेला… ओरडू नकोस गं, सिलिंडर आहे. स्पीकरवर टाकते.'

नळी तिने सिलिंडरला जोडली, पण किल्ली हलेना. डावीकडे की उजवीकडे? रोज हे सगळं सेतुमाधव करायचे. फोनमधून संयुक्ता हाका मारत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा किल्ली एकदाची फिरली आणि हवा सुटली.

'आहे… आहे गं. उलटी फिरवत होते… मागच्या उन्हाळ्यात रोज असंच. सिलिंडर लावून हे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे… म्हणून गेले असतील? पण एक माणूस गेल्यानं अख्ख्या चेन्नईला करंट मिळतो होय?… मला नको विचारू. त्याच राखेनं छाती गेली, नि आता तिथूनच… रागवू की काय करू, काही कळत नाही बघ.'

पंखा हलला. मशीन पुन्हा घुरघुरू लागलं.

'आला, आला!… कुठून म्हणजे? मला काय ठाऊक कुठून? करंटवर नाव लिहिलेलं असतं का?… ये तू. हो, आजच नीघ… थांब, मध्येच वाजतंय काही तरी. ह्यांचाच फोन! काय बोलू गं?… नाही, नाही, ठेव तू. ठेव!'

शपथेवरून भांडायचंच, असं तिने ठरवलं. पण फोन उचलला आणि पलीकडे त्यांच्या आवाजामागे केंद्राची ती ओळखीची घरघर ऐकू आली.

'हॅलो?… हो, आलाय करंट… लावला, सिलिंडर लावला माझा मीच… कळलं सगळं. संयुक्तानं सांगितलं… ते घरी आल्यावर. आधी सांगा, तोंडाला फडकं बांधलंय का?… नाही?… मग बांधा. आत्ता बांधा. मी आहे फोनवर.'